जहाजाच्या तळाला शेवाळ धरलं तर पाचोडला काय फरक पडतो?

२०२२ च्या डिसेंबरमध्ये 'व्हायकिंग ओरायन' नावाचं एक आलिशान क्रूझ जहाज न्यूझीलंडच्या सफरीवर होतं. प्रवाशांनी भरपूर पैसे मोजलेले, नवीन वर्ष समुद्रात साजरं करायचं ठरलेलं. पण जहाजाला न्यूझीलंडची ठरलेली बंदरं घेता आली नाहीत आणि शेवटी ते ऑस्ट्रेलियातल्या ॲडिलेड शहराजवळ भर समुद्रात नांगर टाकून उभं राहिलं. इंजिन ठीक होतं, वादळ नव्हतं, कोविडही नव्हता. अडचण होती जहाजाच्या पाण्याखालच्या भागावर वाढलेल्या सजीवांची. पाणबुडे खाली उतरले, तळ साफ केला, तेव्हा कुठे जहाज पुढे सरकलं.

त्याआधी मार्च २०१७ मध्ये 'डीएल मेरीगोल्ड' या मालवाहू जहाजाला न्यूझीलंडने याच कारणाने थेट देशाबाहेर काढलं होतं.

तेव्हा ही 'त्या दोन देशांची जरा जास्तच कडक शिस्त' वाटली होती. आता चित्र बदलतंय. जगातल्या जहाजवाहतुकीचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, म्हणजे आयएमओ, हिने एप्रिल २०२५ च्या बैठकीत ठरवलं की जहाजावरच्या या जैविक वाढीबद्दल आता नुसत्या मार्गदर्शक सूचना पुरेशा नाहीत, सगळ्या देशांना बांधील असे नियम तयार करायचे. त्यामुळे एक जुना प्रश्न पुन्हा वर आलाय: जहाजाच्या तळाला नेमकं काय फासायचं? जे शेवाळ-शिंपल्यांना दूर ठेवेल, पण समुद्राला मारणार नाही?

तुम्ही पाचोडला राहत असाल तर म्हणाल, आपल्याकडे कुठे समुद्र? सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर. खरंय. पण ठिबक तर आहे ना?

ठिबकच्या नळीत जे होतं तेच

मोसंबीच्या बागेत ज्याने एकदा तरी ड्रिपर खोलून पाहिलाय, त्याला हा विषय अर्धा कळलेलाच आहे. विहिरीचं किंवा शेततळ्याचं पाणी नळीतून फिरतं. काही दिवसांत आतून बुळबुळीत थर बसतो. त्या थराला माती चिकटते, क्षार चिकटतात आणि एक दिवस झाडाला पाणी मिळेनासं होतं. मग क्लोरीन सोडा, आम्ल सोडा, लॅटरलची टोकं उघडून नळ्या धुवा.

समुद्रात हाच प्रकार होतो, फक्त कितीतरी जोरात. कोणतीही वस्तू खाऱ्या पाण्यात टाकली की काही मिनिटांतच तिच्यावर सेंद्रिय रेणूंचा पातळ पापुद्रा चढतो. काही तासांत जिवाणू येऊन बसतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. पुढच्या काही दिवसांत सूक्ष्म शैवाल येतं. आणि मग येतात खरे बिऱ्हाडकरू: बार्नेकल, शिंपले, नळीत राहणारे किडे, हिरवं शेवाळ.

यातला बार्नेकल भारी प्राणी आहे. दिसतो छोट्या ज्वालामुखीसारखा, दगडाला चिकटलेला. गणपतीपुळ्याला किंवा मालवणला खडकावर अनवाणी चालताना पायाला जे कापतं, त्यात हा असतो. नात्याने तो शिंपल्यापेक्षा खेकडा-कोळंबीच्या जवळचा. त्याची अळी पाण्यात तरंगत असते, पृष्ठभागावर उतरते, डोक्यावरच्या दोन मिशांनी अक्षरशः चालत चालत जागा तपासते, आवडली तर डोकं खाली करून सिमेंटसारखा गोंद सोडते आणि जन्मभरासाठी तिथेच राहते. हा गोंद पाण्याखाली, ओल्या पृष्ठभागावर पक्का बसतो. आपल्या फेव्हिक्विकलासुद्धा ते जमत नाही.

मुंबईचं पाणी वर्षभर कोमट असतं. युरोपातल्या बंदरात थंडीत ही वाढ मंदावते, आपल्याकडे तिला सुट्टी नाही.

पोटॅशच्या गोणीचं गणित

जहाजाचा तळ खडबडीत झाला की पाण्याशी घर्षण वाढतं. तोच वेग ठेवायचा तर जास्त इंधन जाळावं लागतं. किती जास्त? आयएमओच्या 'ग्लोफाउलिंग' प्रकल्पाने जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यातले आकडे बघा. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा बुळबुळीत थर, तोही तळाच्या अर्ध्या भागावर, एवढ्यानेच हरितगृह वायूंचं उत्सर्जन साधारण पाव हिश्श्याने वाढू शकतं. बार्नेकलसारखे कठीण कवचाचे जीव थोडेसे जरी बसले तरी मध्यम लांबीच्या कंटेनर जहाजाचं उत्सर्जन ५५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतं.

अमेरिकी नौदलासाठी २०११ मध्ये झालेल्या एका अभ्यासात फक्त एका प्रकारच्या विनाशिकांचा हिशेब केला होता. तळावरच्या वाढीमुळे त्या सगळ्या जहाजांवर मिळून वर्षाला सुमारे ५.६ कोटी डॉलर जातात असं निघालं, आणि त्यातला मोठा वाटा जास्तीच्या इंधनाचा होता.

आता हे पाचोडपर्यंत आणू. भारत आपल्याला लागणारं जवळपास सगळं पोटॅश बाहेरून आणतो, कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्रायल अशा देशांतून. ते जहाजानेच येतं. समजा एका जहाजात ६० हजार टन पोटॅश आहे, म्हणजे ५० किलोच्या १२ लाख गोण्या. प्रवास ३० दिवसांचा. स्वच्छ तळाने जहाज रोज ३० टन इंधन जाळतं असं धरू. तळावर शेवाळ धरल्याने पाव हिस्सा खर्च वाढला तर रोज साडेसात टन, पूर्ण प्रवासात २२५ टन जास्तीचं. टनाला ५० हजार रुपये धरले तर एक कोटी साडेबारा लाख. गोणीमागे नऊ-साडेनऊ रुपये.

हे माझं ढोबळ गणित आहे, इंधनाचा दर रोज हलतो आणि प्रत्येक जहाज वेगळं. पण अंदाज येतो. हे नऊ रुपये शेतकऱ्याच्या पावतीवर 'शेवाळ' म्हणून लिहून येत नाहीत. ते कंपनी, सरकारी अनुदान आणि गोणीची किंमत यांत कुठेतरी विरघळतात. पैशाचं ठीक आहे, पण त्या २२५ टनांचा धूर होतोच. एक टन जहाजाचं इंधन जळालं की तीन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे एका फेरीत ७०० टनांच्या आसपास, आणि तोही कशासाठी, तर बुळबुळीत थर ओढत नेण्यासाठी.

म्हणून जहाजाला लेप हवाच. 'रंग लावूच नका, निसर्गाला वाढू द्या' असं म्हणणं दिसायला हिरवं आहे, हिशेबाला नाही.

तांब्यापासून सुरुवात

लाकडी जहाजांच्या काळात आपल्या किनाऱ्यावर तळाला चुना आणि माशाचं तेल चोपडायची पद्धत होती. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये 'एचएमएस अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून बघितले. तांबं पाण्यात हळूहळू झिजतं, त्याचे आयन सुटतात, आणि शेवाळ-शिंपल्यांना ते सोसत नाहीत. युक्ती चालली. पण पत्र्याजवळचे लोखंडी खिळे भराभर कुजले, कारण खारं पाणी, तांबं आणि लोखंड एकत्र आले की त्यांची चक्क बॅटरी बनते आणि त्यात लोखंड झिजतं. पुढे जहाजंच लोखंडाची झाली तेव्हा पत्र्यांचा मार्ग बंद झाला. मग तांब्याची भुकटी रंगात घालायची सुरुवात झाली, आणि ती आजही चालू आहे. आज बाजारातल्या बहुतेक रंगांत लालसर क्युप्रस ऑक्साइड असतं. जहाजांचा तळ बहुतेक वेळा विटकरी दिसतो तो त्यामुळेच.

मोसंबीवाल्यांना हे नवीन नाही. डिंक्या येऊ नये म्हणून पावसाळ्याआधी खोडाला जी बोर्डो पेस्ट फासता, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, त्यातही काम तांबंच करतं. जहाजाचा रंग म्हणजे समुद्रातली बोर्डो पेस्ट. फरक एवढाच की बागेत तुम्ही ती एका खोडाला लावता आणि जहाज ती हजारो चौरस मीटरवर लावून बंदरोबंदरी फिरवतं.

जो रंग फारच चांगला निघाला

तांब्याचे रंग वर्षा-दीड वर्षात थकायचे. १९६० नंतर रसायनशास्त्रज्ञांनी ट्रायब्युटिलटिन नावाचं कथिलाचं संयुग रंगात घातलं. टीबीटी म्हणू. पुढे ते रंगाच्या रेणूलाच जोडून असा लेप बनवला की तो साबणाच्या वडीसारखा समुद्रात सावकाश विरघळेल. वरचा थर गेला की खालचा ताजा, विषारी थर उघडा पडायचा. जहाज चालेल तितका रंग आपोआप गुळगुळीत व्हायचा. पाच-पाच वर्षं तळ स्वच्छ. जहाजमालक खूश, इंधन वाचलं, १९८० च्या सुमारास जगभर हाच रंग.

मग फ्रान्सच्या आर्काशाँ खाडीत कालवं बिघडायला लागली. कवचं वेडीवाकडी, जाड, मांस नगण्य. पिल्लं धरेनात. तिथला कालव-शेतीचा धंदाच बसायला आला. इंग्लंडच्या खडकांवरच्या शंखगोगलगाई कमी व्हायला लागल्या. जवळून पाहिलं तर मादी गोगलगाईंना नराचे अवयव फुटत होते. याला 'इम्पोसेक्स' म्हणतात. अंडी बाहेर पडायची वाट बंद होते आणि पैदास थांबते. दोन्हीकडे गुन्हेगार एकच निघाला.

किती टीबीटी पुरतं? एका लिटरमध्ये एक नॅनोग्रॅमच्या आसपास. हा आकडा डोक्यात बसत नाही, म्हणून नाथसागर घ्या. जायकवाडी काठोकाठ भरलं की साधारण २,९०० दशलक्ष घनमीटर पाणी असतं, आपल्या भाषेत १०२ टीएमसीच्या पुढे. एवढ्या पाण्यात हे प्रमाण गाठायला तीन किलोसुद्धा टीबीटी लागत नाही. पिठाचा मोठा डबा. एकेका मोठ्या जहाजाच्या तळावर याच्या कितीतरी पट माल असायचा.

फ्रान्सने १९८२ मध्ये छोट्या बोटींवर बंदी घातली, ब्रिटनने १९८७ मध्ये. मोठ्या जहाजांसाठीचा आयएमओचा करार व्हायला २००१ उजाडलं आणि तो लागू झाला १७ सप्टेंबर २००८ ला. म्हणजे कालवं बिघडली तिथपासून जवळपास तीस वर्षं. आपल्याकडे या कराराच्या तरतुदी मर्चंट शिपिंग कायद्यात आल्या २०१४ च्या दुरुस्तीने.

आपल्या किनाऱ्यावर याचं काय झालं? गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या वाय. विश्वकिरण आणि ए. सी. अनिल या संशोधकांनी १९९९ मध्ये भारतीय समुद्रातल्या इम्पोसेक्सची नोंद प्रसिद्ध केली. ज्या गोगलगाईत तो सापडला तिचं शास्त्रीय नाव काय, तर क्रोनिया कोंकनेन्सिस. कोकणाच्या नावाचा जीव. याच संस्थेतल्या संशोधकांनी पुढे पश्चिम किनाऱ्यावरचं पाणी, गाळ आणि प्राणी यांतही कथिलाची ही संयुगं मोजली.

टीबीटी गाळात बसलं की तिथे ते वर्षानुवर्षं टिकतं. बंदरातला गाळ उपसताना ते पुन्हा हलतं, त्यामुळे जुन्या बंदराचं खोलीकरण म्हणजे नुसतं मातीकाम नसतं. दुसरी गोष्ट कमी बोलली जाते: करारात जुना टीबीटीचा रंग खरवडून काढायचा किंवा त्यावर दुसरा सीलबंद थर द्यायचा, असे दोन पर्याय होते. ज्यांनी दुसरा पर्याय घेतला त्या जहाजांच्या पोटात विष तसंच राहिलं. असं जहाज शेवटी तोडायला कुठे येतं? गुजरातच्या अलंगला. जहाजतोडणीबद्दलचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून लागू झालाय आणि त्यात जहाजावरच्या घातक वस्तूंच्या यादीत असे रंग नोंदवावे लागतात. यादी कागदावर आहे. कटर हातात धरणाऱ्या कामगाराला ती वाचून कोण दाखवतं, हा पुढचा प्रश्न.

'पर्यावरणपूरक' लिहिलेला डबा

टीबीटी गेल्यावर रंगकंपन्या पुन्हा तांब्याकडे वळल्या. तांबं काही शैवालांवर कमी पडतं म्हणून जोडीला दुसरी जीवनाशकं घातली. त्यातलं सायब्युट्रिन नावाचं एक रसायन शैवाल मारायला इतकं तरबेज निघालं की ते समुद्री गवत आणि प्रवाळांमधल्या शैवालालाही मारू लागलं. १ जानेवारी २०२३ पासून त्याच्यावरही आयएमओची बंदी आली. म्हणजे टीबीटीचीच गोष्ट, पात्र वेगळं.

तांब्याबद्दलही सगळं आलबेल नाही. अमेरिकेत सॅन दिएगोच्या शेल्टर आयलंड या बंदिस्त बोटतळात पाण्यातलं तांबं मर्यादेबाहेर गेलं, आणि ते बहुतांश नुसत्या उभ्या असलेल्या बोटींच्या रंगातून आलेलं निघालं. मोकळ्या समुद्रात तांबं विरून जातं, पण गोदीत, खाडीत, बोटी दाटीवाटीने उभ्या असतात तिथे साचतं.

मग विषाशिवायचा मार्ग? आहे, आणि तो समजायला खिशातला मोबाइल काढा.

नव्या फोनच्या काचेवर बोट कसं सरकतं आठवतंय? बोटांचा तेलकट डाग पुसला की जातो. काचेवर एक अतिपातळ लेप असतो, त्याला काही चिकटून राहत नाही. वर्षभराने तो झिजतो आणि स्क्रीन कायम मळकट दिसायला लागते. जहाजांचे 'फाउल रिलीज' लेप याच विचाराचे आहेत. सिलिकॉनचा मऊ, गुळगुळीत थर. जीव येऊन बसतात, पण त्यांची पकड कच्ची राहते. जहाज वेगात चाललं की पाण्याच्या धक्क्याने ते निसटतात. मारत कुणालाच नाही. 'इंटरस्लीक' हा अशा लेपांमधला गाजलेला ब्रँड, १९९० च्या दशकात आधी वेगवान जहाजांसाठी आला.

ऐकायला झकास. पण नॉनस्टिक तव्याला जे नियम तेच इथे. ओरखडा चालत नाही. नांगराची साखळी घासली, टग बोटीने ढकललं, धक्क्याला अंग लागलं की लेप फाटतो आणि नेमक्या त्या फटीत बार्नेकल बसतात. तांब्याच्या रंगापेक्षा महाग पडतो. आणि मुख्य अडचण: जहाज चालायला हवं. बंदराबाहेर नंबर लागायची वाट पाहत दोन-तीन आठवडे उभं राहिलं तर धक्का द्यायला पाणीच वाहत नाही. कोविडच्या काळात जगभर जहाजं रिकामी उभी राहिली तेव्हा हे फार जणांना कळलं.

त्यात आणखी एक मेख. काही लेपांत घसरडेपणा वाढवायला फ्लोरिनयुक्त पॉलिमर घालतात. ज्यांना 'कायमची रसायनं' म्हणतात, त्या पीएफएएस कुटुंबातले. युरोपात २०२३ पासून या सगळ्या कुटुंबावरच निर्बंध आणायचा प्रस्ताव चर्चेत आहे. शिवाय कोणताही रंग झिजतो म्हणजे त्याचा बारीक कण पाण्यात जातो, मग तो सिलिकॉन असो की ॲक्रिलिक. त्यामुळे डब्यावर 'बायोसाइड-फ्री' लिहिलं म्हणजे विषय संपला असं मी तरी मानत नाही. त्यात काय नाही हे कंपनी सांगते. काय सुटतं, किती सुटतं आणि उभ्या जहाजावर तो लेप किती दिवस टिकतो, हे विचारावं लागतं.

मधले मार्गही आहेत. डेन्मार्कच्या हेम्पेल कंपनीने २०१३ मध्ये सिलिकॉन आणि थोडंसं जीवनाशक असा संकरित लेप बाजारात आणला. सिलिकॉनच्या वर पाणी धरून ठेवणारा जेलसारखा थर बनतो, बसणाऱ्या जीवाला वाटतं हे तर पाणीच आहे, आणि जीवनाशक बेताने सुटतं. स्वीडनमधल्या संशोधकांची युक्ती तर मला सगळ्यात मजेशीर वाटते. मेडेटोमिडिन नावाचं औषध जनावरांच्या डॉक्टरांकडे असतं, कुत्र्या-मांजरांना गुंगी आणायला. पण बार्नेकलच्या अळीवर त्याचा उलटा परिणाम होतो. अळी एकदम चाळवते, पाय झाडायला लागते आणि तिला टेकताच येत नाही. मरत नाही, निघून जाते. रंगात ते अगदी किंचित घालावं लागतं. शेवाळावर मात्र याचा उपयोग शून्य, म्हणून जोडीला दुसरं काहीतरी लागतंच.

फ्लोरिडा विद्यापीठातल्या अँथनी ब्रेनन यांनी शार्कच्या कातडीकडे पाहिलं. शार्क हळू पोहतानाही स्वच्छ राहतो, कारण त्याच्या कातडीवर बारीक रेघांची नक्षी असते. तशी नक्षी प्लास्टिकवर उमटवली तर एका हिरव्या शैवालाचे बीजाणू बसायचं प्रमाण प्रयोगशाळेत ८६ टक्क्यांनी घटलं. मात्र दोन-तीन मायक्रॉनची नक्षी अख्ख्या जहाजावर कशी छापायची, आणि बार्नेकलला नको असलेली नक्षी शैवालापेक्षा वेगळ्या मापाची, यात घोडं अडलं. ती कल्पना आज रुग्णालयातल्या उपकरणांवर जास्त दिसते.

आपल्याकडे नौदलासाठी हे काम अंबरनाथला चालतं. डीआरडीओची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा तिथे आहे, तिची सुरुवात १९५३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीतली रासायनिक आणि धातू प्रयोगशाळा म्हणून झाली. युद्धनौकेची गरज मालवाहू जहाजाच्या उलटी असते: ती पुष्कळ दिवस गोदीत उभी असते आणि निघायची वेळ आली की पूर्ण वेग हवा असतो. त्यामुळे परदेशी कंटेनर जहाजाला छान चाललेला लेप आणून फासला, असं तिथे होत नाही. कोमट, गढूळ, उभ्या पाण्यात टिकेल असं काहीतरी आपल्यालाच शोधावं लागणार.

मुंबईत उतरलेला पाहुणा

जैविक वाढीकडे फक्त इंधनाचा प्रश्न म्हणून पाहिलं तर निम्मी गोष्ट सुटते. न्यूझीलंडला 'ओरायन'च्या डिझेलची काळजी नव्हती. त्यांना परके जीव नको होते.

मायटिलॉप्सिस साली नावाचा काळ्या पट्ट्यांचा एक छोटा शिंपला आहे. मूळचा मेक्सिकोचं आखात आणि कॅरिबियन भागातला. १९६० च्या दशकाच्या शेवटी तो विशाखापट्टणमला सापडला, पुढे मुंबईच्या गोद्यांमध्येही. जहाजांना चिकटून आला असणार. कमी खारट, घाणेरडं पाणीसुद्धा त्याला चालतं, महिन्याभरात तो वयात येतो, आणि बाकी कुणाला जागा ठेवत नाही.

हाच शिंपला १९९९ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनच्या बोटतळात दिसला. त्यांनी काय केलं? बोटतळाचे दरवाजे बंद केले आणि पाण्यात टनांनी ब्लीच आणि मोरचूद ओतलं. आतलं सगळंच मेलं, मासे, खेकडे, सगळं. पण शिंपला संपला. आपल्याकडे तो पन्नास वर्षांहून जास्त काळ मुक्कामाला आहे.

यातून एक पेच तयार होतो. तळ साफ करायचा म्हटलं तर पाणबुड्यांनी घासून सगळं तिथेच पाण्यात पाडायचं का? मग परके जीव बंदरातच मोकळे झाले, वर तांब्याच्या रंगाचा चुरा. म्हणून २०२३ च्या आयएमओ सूचनांमध्ये घासलेला माल गोळा करण्यावर भर आहे. रोबो आलेत. नॉर्वेच्या योटुन कंपनीचा एक रोबो जहाजावरच राहतो, चुंबकाने तळाला चिकटून फिरतो, आणि त्याला चालवणारा माणूस दुसऱ्या देशात बसून मोबाइल नेटवर्कवरून त्याला हाकतो. शेवाळाचा थर धरायच्या आतच पुसून काढायचा, ठिबकची नळी चोंदायच्या आधी फ्लश करतो तसं. माझ्या मते येत्या काळात जादूचा रंग येण्यापेक्षा बरा रंग आणि वारंवार हलकी सफाई ही जोडी जास्त चालेल.

नियम कुणाला, सूट कुणाला

२०२३ पासून मोठ्या जहाजांना कार्बनसाठी 'ए' ते 'ई' अशी श्रेणी मिळते. फ्रिजवर स्टार असतात तसंच. तळ खराब असला तर श्रेणी घसरते, म्हणून मालक आता स्वतःहून महाग लेप लावायला तयार होतायत. बोटीवरच्या कार्बनला थेट पैसे मोजायला लावणारी मोठी योजना मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये आयएमओने वर्षभर पुढे ढकलली. ती आली तर स्वच्छ तळाचा भाव आणखी वाढेल.

महाराष्ट्रासाठी ही वेळ साधी नाही. पालघरच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली, खर्च ७६ हजार कोटींच्या वर. केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये जहाजबांधणीसाठी जवळपास ७० हजार कोटींचं पॅकेज मंजूर केलं. जालन्याजवळच्या ड्राय पोर्टचं भूमिपूजन तर डिसेंबर २०१५ मध्येच झालंय; पाचोडहून ते फार लांब नाही, गाडी कधी पूर्ण भरून निघते एवढंच बघायचं. म्हणजे किनाऱ्यावर जास्त जहाजं येणार, जास्त दुरुस्ती होणार, जास्त तळ घासले जाणार. घासलेला तो चोथा, तांबं, रंगाचे कण, परके शिंपले, हे गोळा करायची आणि नीट विल्हेवाट लावायची सोय बंदर बांधतानाच करायची असते. नंतर ती जोडायला दुप्पट पैसा जातो.

आणि कोकणातल्या मच्छीमार बोटी? आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र लागतं ४०० टनांच्या पुढच्या जहाजांना, त्याखाली पण २४ मीटरपेक्षा लांब असेल तर मालकाने स्वतः लिहून द्यायचं. ससून डॉक, हर्णे, मिरकरवाड्याचे बहुतेक ट्रॉलर याहून लहान. ते १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत किनाऱ्यावर ओढले जातात, तळ खरवडला जातो, नवीन रंग चढतो. खरवडलेला चुरा वाळूत पडतो आणि पहिल्या पावसाबरोबर खाडीत जातो, जिथे कालवं, खुबे आणि तिसऱ्या असतात. मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. सिलिकॉनचा लेप त्याच्या आवाक्यात नाही, त्याची बोट तेवढी वेगातही जात नाही, आणि दरवर्षी वाळूवर ओढली की तो लेप फाटणारच. त्याच्या बोटीसाठी, त्याच्या खर्चात बसणारा लेप बनवणं हे आंतरराष्ट्रीय कंपन्यांच्या यादीत फार खाली आहे. दोनापावला आणि अंबरनाथच्या यादीत ते वर असायला हवं. तोवर निदान खरवडताना खाली ताडपत्री टाकली आणि चुरा गोणीत भरला, तरी खाडीत जाणारं बरंच तांबं वाचेल. ताडपत्री बोटीवर असतेच.

आयएमओच्या नव्या बांधील नियमांचा मसुदा आता समितीच्या बैठकांमधून सरकत जाईल. त्याला काही वर्षं लागतील. भारताचे प्रतिनिधी तिथे बसतात. छोट्या बोटी आणि जहाजतोडणी यांबद्दल ते काय मांडतात, ते बातम्यांत शोधून वाचण्यासारखं असेल.